रस्ता विचारणारे काका

ट्यूशनवाल्या काकांनी जन्मात एकही ट्यूशन घेतली नाही. तरी नंदनवनपासून मानेवाड्यापर्यंत कोणाच्या घरी पोराचं गणित अडलं, की लोक एकमेकांना सांगायचे, काकांकडे घेऊन जा. कोणत्या मुलाला कोणता मास्तर लागेल, एवढंच ते सांगत. लग्नं जुळवणारे असतात तसे हे मास्तर जुळवत. फरक इतकाच, की लग्न जुळवणारा दोन्हीकडच्यांशी गोड बोलतो आणि काका कोणाशीच गोड बोलत नसत.

पूर्वी ते एका खासगी शाळेत गणित शिकवायचे. तिथल्या मंडळींशी बिनसलं आणि मुदतीआधीच बाहेर पडले. कशावरून बिनसलं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यायले सगळे पोट्टे एकसारखे पायजे होते." नंतर सक्करदऱ्याला धाकट्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात, झेरॉक्स मशीनच्या बाजूला, त्यांनी एक टेबल टाकलं. पांढरा शर्ट, पायात रबरी चप्पल आणि चेहऱ्यावर नेहमी नुकतंच कोणाशी तरी भांडून आल्याचा भाव.

मला त्यांचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याबद्दल चारचौघांत चांगलं बोलायची रीत आहे, पण काका कुठे गेलेले नाहीत. धडधाकट आहेत, रोज सकाळी मेट्रोनं कामावर जातात. त्यामुळे ती रीत पाळायची मला गरज नाही.

त्यांच्याकडे गेलं की पालक आधी प्रगतिपुस्तक पुढे करत. काका ते घेत, न उघडता टेबलावर पालथं घालत आणि वर चहाचा ग्लास ठेवत. आमच्या अथर्वच्या सहावीच्या प्रगतिपुस्तकावर तो गोल डाग अजून आहे. मग पालकांकडे पाठ करून ते मुलाला जवळ बोलावत आणि म्हणत, "बाबू, मले तुझ्या घरी यायचं आहे. कसा येऊ, सांग." बस. परीक्षा म्हणा, मुलाखत म्हणा, काय ती एवढीच.

एखादी मुलगी डावीकडे-उजवीकडे करत घडाघडा पाठ म्हटल्यासारखा रस्ता सांगायची. एखाद्याला वळणं आठवायची नाहीत, पण कोणत्या कोपऱ्यावर पिठाची चक्की, कोणत्या कोपऱ्यावर रसवंती, ते सगळं वासासकट सांगायचा. एकानं कागद मागून घेतला आणि गल्लीतल्या कुत्र्यासकट नकाशा काढला. आणखी एक महाभाग म्हणाला, ऑटोवाल्याला सांगा, तो आणून सोडते. काका खूप हसले आणि त्याच्या वडिलांना म्हणाले, याला मास्तर नको, दुकान टाकून द्या. वडील रागावून उठून गेले. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

यातून ते काय ओळखत, ते आम्हाला पहिल्यांदा जादूच वाटायचं. पण त्यात जादू नव्हती. ते म्हणत, "पेपरात काय लिहायचं ते पोट्ट्याले रटवलेलं असते. रस्ता कसा सांगायचा ते कोणी रटवत नाही. तिथं त्याचं डोकं जसं चालते तसंच दिसते." नुसता हुशार मास्तर शोधून भागत नाही, याचा मास्तर शोधावा लागतो, असंही म्हणत. आणि हे 'याचा' म्हणताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवत.

आम्ही गेलो तेव्हा अथर्वचे तीन मास्तर होऊन गेले होते. तिघेही नावाजलेले. शेवटच्यानं तर त्याच्या देखत मला सांगितलं, की मुलगा मंद आहे, जास्त अपेक्षा ठेवू नका. अथर्व तेव्हापासून घरात पाय न वाजवता चालायला लागला होता. काकांनी त्याला रस्ता विचारला तेव्हा त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी मध्ये बोलायला गेले तर काकांनी न बघताच हात वर केला. मग अथर्वनं काकांचं बोट धरलं आणि म्हणाला, "चला, दाखवतो."

काका उठले. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हे रबरी चपलांनिशी त्याच्या मागे चालत निघाले. मी स्कूटी ढकलत मागून. अथर्वनं त्यांना माझ्या गावीही नसलेल्या गल्ल्यांतून नेलं, मैदानाच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून काढलं आणि जवळच्या वाटेनं घरी आणलं. वाटेत कुठे सावली मिळते तेही दाखवलं. घरी आल्यावर काका माठातलं पाणी प्याले, कूलरसमोर बसले आणि मला म्हणाले, "ताई, हे पोट्टं कानानं शिकत नाही, हातापायानं शिकते. याच्यापुढं बोलून बोलून मास्तर मरून जाईन, तरी काही होणार नाही. याले मंद कोण म्हणलं?"

मी नाव सांगितलं. काका म्हणाले, त्याला माझ्याकडे पाठवा, मी रस्ता विचारतो. मी हसता हसता रडायला लागले. त्या दिवशी काका आमच्याकडे जेवून गेले आणि आमच्या घरचे झाले. एवढ्या वर्षांत माझ्या मुलाबद्दल मला आशा देणारं असं कोणी भेटलं नव्हतं, आणि ते उपकार मी आजही विसरलेले नाही. राग आहे म्हणून ते पुसून टाकता येत नाहीत.

मास्तरांची परीक्षा ते वेगळी घेत. मास्तरला समोर बसवायचे आणि म्हणायचे, मी तुमचा विद्यार्थी, मला एक प्रश्न विचारा. मास्तर विचारी. काका नुसते त्याच्याकडे बघत बसत, उत्तर देतच नसत. बहुतेक मास्तरांना ती शांतता सोसायची नाही. आधी इशारा देत, मग अर्धं उत्तर, मग सगळं उत्तर स्वतःच सांगून मोकळे होत आणि वर विचारत, समजलं ना? एका बड्या सरांना काका म्हणाले, तुम्हाला येतं हे समजलं, आता घरी जा. त्यांचं म्हणणं होतं, "मास्तर किती बोलते ते दुनिया पाहते. मी त्याले किती वेळ चूप बसता येते ते पाहतो. पोट्टं विचार करून राहिलं असताना ज्याले चूप बसता येत नाही, त्यानं रेडिओत नोकरी करावी."

या परीक्षेत मेश्राम मॅडम पास झाल्या. एमएस्सी झालेली मुलगी, आवाज असा की पंखा लावला तर ऐकू येऊ नये. मला ती मुळीच पसंत नव्हती. पण काकांपुढे ती चहा थंड होईपर्यंत गप्प बसली होती म्हणे. तिनं पहिल्याच आठवड्यात अथर्वची वही बाजूला ठेवली. आमचे हे लकडगंजला एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. मॅडमनं त्यांना वखारीतले वाया गेलेले तुकडे आणायला सांगितले. पट्टी, पेन्सिल आणि छोटी करवत घेऊन आमच्या ओसरीत अपूर्णांक सुरू झाले. अर्धा, पाव, दोन तृतीयांश, सगळं त्यानं आधी कापलं आणि मग लिहिलं. घरभर भुसा. मी झाडून झाडून थकले, पण तक्रार केली नाही, कारण अथर्वच्या पायांचा आवाज परत यायला लागला होता.

काका अधूनमधून न सांगता येत आणि आत न येता खिडकीबाहेर उभे राहत. शेजारच्यांना आधी ते चोर वाटले. आत आवाज कोणाचा जास्त येतो, तेवढं ते ऐकत. मास्तरचा जास्त येत असला तर मास्तर बदलत. आमच्याकडे त्यांना फक्त करवतीचा आवाज आला आणि ते समाधानानं निघून गेले. अथर्व आज खापरखेड्याच्या वीज केंद्रात पंपांच्या दुरुस्तीचं काम करतो. मशीन उघडून हात घातल्याशिवाय त्याला आजही काही कळत नाही, आणि आता त्याबद्दल त्याला कोणी बोलतही नाही.

मग सीताबर्डीत ते मोठे क्लासेस आले. नाव घेत नाही, घेऊन त्यांची फुकट जाहिरात कशाला करू? काचेची इमारत, मेट्रोच्या खांबाखांबावर फलक. त्यांनी आल्याआल्या शहरातले चांगले मास्तर एकेक करून उचलले. घरोघरी सायकलनं फिरणारे गेले, भाड्याच्या खोलीत चार मुलं घेऊन बसणारे गेले. शेवटी मेश्राम मॅडमही गेल्या. त्यांना मी दोष देत नाही, लग्न झालं होतं, बांधलेला पगार कोणाला नको असतो. पण एकदा त्यांना तिथे शिकवताना पाहिलं. भलामोठा हॉल, कॉलरला लावलेला माईक, आणि ज्या बाईचा आवाज पंख्यात हरवायचा तिचा आवाज भिंतींवर आदळत होता. एक क्षणही थांबत नव्हत्या. थांबायची त्यांना मुभाच नसावी.

काकांचं टेबल ओस पडलं. कोणी मूल घेऊन आलंच, तरी त्याच्याकडे पाठवायला मास्तर उरला नव्हता. मी कधी वह्या घ्यायला गेले तर ते झेरॉक्सचे कागद जुळवत बसलेले असत. असं काही वर्षं चाललं आणि एके दिवशी सक्करदरा चौकात फलक लागला. त्यावर काकांचा फोटो, टाय घातलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: तुमच्या मुलाला ओळखणारे काका. ते त्या क्लासेसमध्ये काउन्सेलर म्हणून लागले होते.

आम्हाला कोण आनंद झाला. आपल्या माणसाची कदर झाली, असं जो तो म्हणायला लागला. ज्यांना त्या काचेच्या इमारतीचा धाक वाटायचा, तेही म्हणू लागले, काका बसतात ना तिथं, मग काय चिंता. आमच्या गल्लीतली मुलं एकामागून एक तिकडे गेली. त्या फलकाचं काम तेच होतं आणि ते त्यानं चोख केलं.

आमची रेवा त्याच वर्षी दहावी झाली होती. अथर्वच्या पाठची, बऱ्याच उशिरा झालेली. ती हात लावून शिकणारी नव्हती, ती विचारून शिकणारी. कुकरची शिट्टी का होते, इथपासून ते रात्री आकाश काळंच का दिसतं, इथपर्यंत. एका प्रश्नाचं समाधान झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायची नाही, आणि समाधान झालं की ती गोष्ट जन्मभर विसरायची नाही. घरात आम्ही तिच्या प्रश्नांना वैतागायचो, तिच्या शाळेतल्या बाई मात्र नाही वैतागल्या, म्हणून दहावीला गुण छान पडले. तिला विज्ञानच शिकायचं होतं. ही तिची स्वतःची हौस, आम्ही लादलेली नाही.

तिचं नाव घालायला त्या क्लासेसमध्ये जाताना मेट्रोत मी तिला सांगून ठेवलं होतं, काका तुला रस्ता विचारतील. ती खूश होती. लहानपणापासून अथर्वची ती गोष्ट ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती. काका काचेच्या केबिनमध्ये होते. पॉलिश केलेले बूट, गळ्यात ओळखपत्र. मला पाहून उठून उभे राहिले, अथर्वची चौकशी केली, डोळे भरून आले त्यांचे. मग त्यांनी हात पुढे केला. मी गुणपत्रिका दिली. काकांनी चष्मा लावला, ती उघडली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. शेजारीच चहाचा कप होता, तो त्यांनी नीट बाजूला सरकवला, कागदाला डाग पडू नये म्हणून. मग कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, हिला पहिली बॅच मिळते.

परतताना रेवा म्हणाली, आई, त्यांनी विचारलंच नाही. मी म्हटलं, कामात असतील, आणि तुझ्यासारखीला काय विचारायचं? काका तिथे आहेत, एवढं मला पुरेसं वाटलं होतं.

त्या क्लासेसमध्ये प्रश्न विचारायची सोय होती. हॉलबाहेर एक पेटी होती, तिच्यात चिठ्ठी टाकायची. शनिवारी निवडक चिठ्ठ्यांची उत्तरं मिळायची. रेवानं चिठ्ठ्या टाकल्या, पुष्कळ टाकल्या. एक चिठ्ठी परत आली, तिच्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, परीक्षेला नाही. त्यानंतर तिनं टाकणं सोडलं. तिथे दर महिन्याला गुणांप्रमाणे बॅच बदलतात. रेवा एकेक बॅच खाली येत गेली, आणि घरातले प्रश्नही बंद झाले. कुकरच्या शिट्ट्या होत, आम्ही जेवत असू, आणि कोणी काही विचारत नसे. मला कधीकधी वाटे, हिनं काहीतरी निरर्थक विचारावं आणि मी खेकसावं.

दुसऱ्या वर्षी बारावीची परीक्षा जवळ आलेली असताना पोळ्या लाटता लाटता ती अगदी सहज म्हणाली, "आई, मले काही येत नाही. पहिलेपासूनच येत नव्हतं. तुमाले समजलं नाही फक्त."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. हिशेब लागल्यासारखं बोलली. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सीताबर्डीला गेले.

काकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. तिचं नाव काढून घ्यायला आले म्हणून सांगितलं, सगळं सांगितलं, चिठ्ठीचं, बॅचचं, पोळ्या लाटतानाचं. ते ऐकत होते. काचेपलीकडे दुसरे आई-बाप मुलाला घेऊन थांबले होते, हातात गुणपत्रिका. मी म्हटलं, "काका, आमच्या रेवाले तुम्ही रस्ता काहून नाही विचारला?"

ते गप्प झाले. मीही गप्प बसले. उत्तर यायचं असेल तर थांबावं लागतं, हे मी त्यांच्याच टेबलासमोर शिकले होते. माझ्या तोंडात येत होतं, की वेळ नसेल, विसरला असाल, वरून परवानगी नसेल. त्यांना सोपं जाईल असं काहीही मी देऊ शकत होते. दिलं नाही. एसीचा आवाज येत होता. काकांनी गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं, सोडलं. मग खाली बघत म्हणाले, "विचारला असता तर तिले इथं घेता आलं नसतं, ताई."

म्हणजे त्यांना माहीत होतं. गल्लीतून गेलेल्या एकेका मुलाच्या वेळी माहीत होतं. मला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस विसरतो, तसे काका आपली विद्या विसरले असतील, आणि तसं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. ते विसरले नव्हते, तोंड मिटून बसले होते. मी विचारलं, का? ते म्हणाले, "मास्तर सगळे इथंच आले. मी बाहेर बसून कोणाकडं पाठवू?" हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी उठले. ते दारापर्यंत आले, अथर्वला आशीर्वाद सांगा म्हणाले. मी सांगितला नाही.

रेवानं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. नातेवाईकांत चर्चा झाली, व्हायचीच. आम्ही तिच्यासाठी शिकवणारं कोणी शोधायला लागलो आणि लक्षात आलं, की शोधायचं कसं तेच कोणाला माहीत नाही. जो तो म्हणे, त्या क्लासेसमध्ये टाका, काका आहेत तिथं.

परवा दुपारी आमचे हे कूलरच्या खिडक्यांना नवा वाळा बसवत होते आणि रेवा पलंगावर नुसती पडली होती. मी सहज विचारावं तसं म्हटलं, "रेवा, सक्करदऱ्याहून कोणाले आपल्या घरी यायचं असलं तर कसा येईन?"

तिनं छताकडे पाहिलं. मी भाजी निवडत राहिले. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांना मी डोळ्यांनीच दटावलं. बराच वेळ गेला. मग ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "कोण येऊन राहिलं? पायी येते का गाडीनं? आणि काहून येऊन राहिलं आपल्याकडं?"

एका दमात तीन प्रश्न. दोन वर्षांत तिनं या घरात इतकं काही विचारलं नव्हतं. मी भाजीत तोंड खुपसून बसले, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून. या उत्तराचा अर्थ काय, हिला कसा मास्तर लागेल, कोणाच्या शेजारी बसवलं तर ही पुन्हा उभी राहील, हे ऐकल्याबरोबर सांगू शकेल असा एकच माणूस या शहरात आहे. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. मी तो लावला नाही.